‘सुरत’ नावाची शिवी

गेल्या हिवाळ्यात यवतमाळला शिक्षकांच्या एका शिबिरात कापसाच्या तंतूंविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर पुसदकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारे गुरुजी थांबले. त्यांची अडचण कापसाची नव्हती, शब्दांची होती. ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे जीव टांगणीला लागणे, हा अर्थ कोशात मिळतो. पण हे टेंटरहुक म्हणजे काय, असे मुलांनी विचारले आणि गुरुजींना सांगता येईना. मला ते धंद्यामुळे ठाऊक होते. धुतलेले लोकरी कापड आकसू नये म्हणून पूर्वी ते एका लांब लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. ती चौकट म्हणजे टेंटर आणि तिच्या कडेचे वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक. त्या खिळ्यांवर ताणलेल्या कापडासारखे ज्याचे मन झाले आहे, तो ‘ऑन टेंटरहुक्स’.

मग असे बरेच शब्द निघाले. रंगवून गोष्ट सांगणारा इंग्रजीत सूत कातत असतो. लग्न न झालेल्या बाईला कागदोपत्री म्हणत ती ‘स्पिन्स्टर’ ही मुळात सूत कातणारीच. आपल्याकडेही सूत जुळते आणि सुतावरून स्वर्ग गाठता येतो. ज्या समाजाच्या हातात जे काम असते, ते त्याच्या बोलण्यात उतरतेच. गुरुजींनी जाता जाता विचारले, “आपल्या कापसाचं काही आहे का हो त्यांच्या भाषेत?” मी ‘डंगरी’ सांगितले. मुंबईच्या डोंगरी किल्ल्याजवळच्या बाजारात विकले जाणारे जाडेभरडे कापड ते डोंगरी, त्याचे इंग्रजीत डंगरी झाले आणि पुढे कामगारांच्या जाड पोशाखालाच ते नाव पडले. गुरुजींचे समाधान झाले, माझे झाले नाही. डोंगरी मुंबईची. आपल्या कापसाचे, म्हणजे वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचे, काय?

परत आल्यावर इंग्रजी बोलीचे जुने कोश चाळले. लंडनचे प्रकाशक जॉन कॅम्डेन हॉटन यांनी १८५९ साली रस्त्यावरच्या इंग्रजीचा एक कोश काढला होता. त्याच्या पुढच्या आवृत्तीत ‘सुरत’ हा शब्द मिळाला. अर्थ दिला होता : भेसळीचा, हलक्या प्रतीचा माल. शब्द कसा जन्मतो याचा हा नामी दाखला आहे असे म्हणून कोशकाराने ‘टाइम्स’ च्या ८ मे १८६३ च्या अंकातल्या एका खटल्याचा हवाला दिला होता. फिर्यादी होते बिअर गाळणारे. कोणीतरी जाहिरात छापून लोकांना बजावले होते की, या ‘सुरत’ बिअरवाल्यांपासून सावध राहा. आपली बदनामी झाली, धंदा बुडाला, नुकसानभरपाई मिळावी, असे फिर्यादींचे म्हणणे. आता लंडनच्या वाचकाला बिअरचा सुरतेशी संबंध काय ते कळेना, म्हणून बातमीत खुलासा करावा लागला होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यापासून गिरणीवाले अमेरिकी कापसात सुरतेचा कापूस मिसळतात. तो हलका असतो. त्यामुळे लँकेशायरचे लोक कोणत्याही हलक्या किंवा भेसळीच्या वस्तूला ‘सुरत’ म्हणू लागले आहेत.

वाचताना आधी हसू आले. नंतर लक्षात आले की ही शिवी सुरत शहराला नव्हती. ती आपल्याला होती.

हे कसे ते समजायला थोडे मागे जावे लागेल. इंग्रजांच्या कंपनीची हिंदुस्थानातली पहिली मोठी वखार सुरतेला होती. १६८७ साली कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला हलले, पण पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या कापसाला चिकटलेले सुरतेचे नाव सुटले नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या दलालांच्या वहीत ढोलेरा, भडोच, हिंगणघाट अशी वेगवेगळी नावे असत. वऱ्हाडच्या कापसाला ते ‘उमरा’ म्हणत. अमरावतीचे जुने नाव उमरावती, तिचे इंग्रजांनी ‘ऊमरावटी’ केले आणि दलालांनी त्याचेही शेपूट तोडले. आज जो यवतमाळ जिल्हा आहे, त्याला त्या काळी वणीवरून ‘वूण’ जिल्हा म्हणत. तिथला कापूस या ‘उमरा’ मध्येच गणला जाई. पण ही दलालांची परिभाषा झाली. गिरणीत सूत कातणाऱ्या माणसापर्यंत यातले एकच नाव पोहोचे. मुंबईहून आलेली गाठ ती सुरत. मग ती गुजरातेतली असो, खानदेशातली असो की दारव्ह्याची.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस दक्षिणेतून, गुलामांच्या मळ्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तो कापूस बंद झाला. १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. इतिहासात याला ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणतात. ज्या गिरण्या चालू राहिल्या, त्यांत ढीग होता मुंबईच्या कापसाचा. मुंबईत सोने वाहत होते. लिव्हरपूलला पौंडाला पाच पेन्सच्या आसपास असलेला हिंदुस्थानी कापसाचा भाव १८६४ साली वीस पेन्सच्या वर गेला. प्रेमचंद रायचंद आणि शेअरबाजाराच्या वेडाची ती वर्षे आपल्या पाठ्यपुस्तकांत असतात. गिरणीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, ते नसते.

तिथे सांगितली जाणारी एक गोष्ट अशी. प्रार्थनासभेत धर्मोपदेशकाने देवाकडे कापूस मागितला. मागच्या बाकावरून एक कामगार म्हणाला, देवा, दे. पण सुरत नको. ब्लॅकबर्नच्या विल्यम बिलिंग्टन या विणकर कवीने सुरत विणणाऱ्याच्या हालांवर गाणेच लिहिले आणि ते गावोगाव गायले गेले. उपाशी माणसाने मिळालेल्या कामाला नाव ठेवावे, याला तसेच काही कारण असले पाहिजे. ते कारण तंतूच्या लांबीत आहे.

हा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. सरकीचा एक दाणा घ्या, रुई लागलेलीच असू द्या. बारीक दातांच्या फणीने तंतू दोन्ही बाजूंना हळूहळू विंचरा. फुलपाखराच्या पंखांसारखा आकार होईल. पट्टीने एका पंखाची लांबी मोजा. आज शेतात बहुतेक अमेरिकी जातीचा संकरित कापूस असतो. त्याचा पंख २७ ते ३० मिलिमीटर भरेल. कुठे धुऱ्यावर किंवा देवळामागे देशी कापसाचे झाड टिकून असेल तर त्याचेही बोंड आणा. त्याचा पंख बहुधा १५ ते २२ मिलिमीटरच्या दरम्यान भरेल. ही दोन वेगळी कुळे आहेत. वनस्पतिशास्त्रात अमेरिकी कापसाला गॉसिपियम हिर्सुटम म्हणतात, आपल्या देशी कापसाला गॉसिपियम आर्बोरियम.

पाच-दहा मिलिमीटरांचा फरक म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण सुतात डिंक नसतो. शेजारचे तंतू एकमेकांवर थोडे थोडे चढलेले असतात, पिळामुळे ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने धरून राहतात. सुताची सारी ताकद यातच. तंतू लांब असेल तर शेजाऱ्याला धरायला त्याच्याजवळ जागा जास्त. आखूड असेल तर ताण पडताच तो सटकतो. आखूड तंतूचे सूत टिकवायचे तर दर इंचाला जास्त पीळ द्यावा लागतो. आणि पिळाला वेळ लागतो. समजा, चाती मिनिटाला ६००० फेरे घेते. इंचाला २० पीळ लागत असतील तर मिनिटाला ३०० इंच सूत निघेल. २५ लागत असतील तर २४० इंचच निघेल. लँकेशायरचा कामगार मजुरी घेई ती मालावर, तासांवर नव्हे. तीच चाती, तोच माणूस, तेवढाच घाम आणि पाचव्या हिश्श्याने मजुरी कमी.

याहून मोठी अडचण यंत्रात होती. रिचर्ड आर्कराइटने १७६९ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा जीव रुळांच्या जोड्यांमध्ये आहे. मागची जोडी हळू फिरते, पुढची वेगाने. दोहोंच्या मध्ये कापसाची वात ताणली जाऊन बारीक होते. या दोन जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवावे लागते. कमी ठेवले तर तंतूचे एक टोक मागच्या रुळात आणि दुसरे पुढच्या रुळात अडकून तो तुटतो. फार जास्त ठेवले तर तंतू मधल्या मध्ये निराधार तरंगतात आणि वात कुठे जाड, कुठे बारीक होते. लँकेशायरचे रूळ अमेरिकेच्या तंतूला बेतून बसवलेले होते. त्यात आपला आखूड तंतू घातला, की सूत जागोजागी तुटे. तुटलेली टोके जोडायला पोरे लावलेली असत, त्यांची धावाधाव होई. गिरणीत तंतूंचा धुरळा उडे, छातीत जाई. सूत मागावर टिकावे म्हणून त्याला पिठाची आणि चिनी मातीची जाड खळ देऊ लागले. ती वाळली की तिचीही धूळ उडे.

म्हणजे कापूस वाईट होता का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल आर्बोरियम कुळातल्याच एका कापसाची होती. तिथे कातणाऱ्या बाईची बोटे तंतूप्रमाणे पीळ आणि ताण बदलत. रुळांना बोटे नसतात. यंत्र एका झाडासाठी घडवले गेले आणि दुसऱ्या झाडाचा कापूस त्यात बसेना, तेव्हा दोष झाडाला लागला. विज्ञान शिकवताना आपणही ‘उत्तम कापूस’, ‘हलका कापूस’ असे सहज म्हणून जातो. कशासाठी उत्तम, हे विचारायला मुलांना शिकवावे.

तरीही ‘सुरत’ या शिवीत काहीच तथ्य नव्हते असे म्हटले तर ते आपल्याच माणसांची बाजू घेणे होईल. गाठीत सरकी निघे, पाने निघत, वाळू निघे, कधी दगड निघत. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारलेले असे. मुंबई सरकारने १८६३ साली, म्हणजे बिअरच्या खटल्याच्या वर्षीच, कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. १८२९ सालीही असाच एक कायदा झालेला होता. रोग जुना होता.

पण ही घाण कुठे मिसळे? वऱ्हाडातल्या कापसाची वाट पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस मुंबईला जातच नसे. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून तो सुमारे ५०० मैल लांब गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई, तिथून नावेने कलकत्त्याला. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी तांड्यांच्या पूर्वजांनी हे काम केले असेल. पुढे मुंबईची वाट सुरू झाली तरी ती बैलगाडीचीच. घाट, नद्या, धूळ आणि जूनच्या आधी पोचण्याची घाई. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली, युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. यवतमाळकडे मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची शकुंतला आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. या सगळ्या वाटेत कापूस सैल बांधलेल्या बोजांत असे. सैल बोजा धूळ खातो, दव पितो आणि त्यात हात घालणे सोपे असते. शेतकरी, सावकार, गावचा व्यापारी, अमरावतीचा अडत्या, मुंबईचा दलाल, लिव्हरपूलचा दलाल : कापूस इतक्या हातांतून जाई. शेवटच्या हाताला पहिला हात कोणाचा ते कधीच कळत नसे.

खरी मेख इथे आहे, असे मला वाटते. नाव एकच होते. समजा, वणीकडच्या एखाद्या शेतकऱ्याने सकाळी, पाने दवाने मऊ असताना, म्हणजे ती चुरडून कापसात मिसळत नाहीत तेव्हा वेचणी केली. कवडी वेगळी काढली, स्वच्छ कापूस बाजारात आणला. लिव्हरपूलला तो ‘उमरा’ आणि गिरणीत ‘सुरत’. त्याच्या शेजाऱ्याने वाळू घातली, तरी तोही ‘सुरत’ च. भाव दोघांना सारखा. मग पुढच्या वर्षी पहिल्याने काय करावे?

या प्रश्नाला अर्थशास्त्रात प्रतिष्ठा मिळाली ती १९७० साली. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. बाहेरून चांगली दिसणारी पण आतून बिघडलेली मोटार, हिला अमेरिकी बोलीत ‘लेमन’ म्हणतात, म्हणजे लिंबू. मोटार लिंबू आहे की नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही, चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात आणि उरतात ती लिंबे. त्याच निबंधात अकरलॉफने हिंदुस्थानातल्या गृहिणीचेही उदाहरण दिले आहे. बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे तिला वेचत बसावे लागतात. या कामासाठी पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत पाहा, शंभर वर्षांच्या अंतराने दोन बोलीशब्द, ‘सुरत’ आणि ‘लेमन’, एकाच गोष्टीला दिलेले. लँकेशायरच्या कामगाराने शब्द घडवला, अकरलॉफने त्यामागचे गणित मांडले.

आणि वऱ्हाडात झालेही तसेच. देशी कापसातही एक चांगली जात होती : बनी. हिंगणघाटचा कापूस म्हणून हिचे नाव होते. तंतू मऊ, देशीच्या मानाने लांब. १८६६ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांसाठी कापूस कमिशनर म्हणून हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची नेमणूक झाली, तेव्हा चांगले बी वेगळे राखावे म्हणून त्यांनी बरीच खटपट केली. पण बनीच्या कापसातून रुई निघे जेमतेम पाव हिस्सा, बाकी सरकी. दुसरीकडे ‘जरी’ नावाचा आखूड, जाडा, मिश्र जातींचा कापूस होता. त्याची रुई तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघे आणि पीकही बेताच्या जमिनीत भरवशाचे. बनीच्या मऊपणाला भावात जो थोडा फरक मिळे, तो ही तूट भरून काढायला पुरेसा नसे. शिवाय पुढे मुंबईच्या आणि जपानच्या गिरण्यांना जाड सुतासाठी आखूड कापूस चालू लागला. हळूहळू बनी मागे पडली आणि शेतेच्या शेते जरीने भरली. याला अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी शेतकऱ्याचे अज्ञान म्हटले आहे. मला त्यात चोख हिशेब दिसतो. नाव आधी पडले आणि कापूस नंतर त्या नावाला शोभेसा झाला, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

शब्दाचे पुढे काय झाले? एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, वर्ष-दोन वर्षांत तिकडचा कापूस पुन्हा येऊ लागला आणि ‘सुरत’ ही शिवी विरत गेली. आज इंग्लंडमध्ये कोणालाही ती ठाऊक नसेल. पण तिची एक जुळी बहीण जगली : ‘शॉडी’. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा धंदा १८१३ च्या सुमारास सुरू झाला. त्या लोकरीचे नाव शॉडी. मुळात हा शब्द वाईट नव्हता, मालाचे नाव होते. अमेरिकेतल्या त्याच युद्धात ठेकेदारांनी सैनिकांना अशा चिंध्यांचे गणवेश विकले, पावसात ते उसवले आणि ‘शॉडी’ म्हणजे निकृष्ट, असा अर्थ रूढ झाला. तो आजही आपल्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकात आढळेल. एकाच युद्धाची दोन अपत्ये, एक जगले, एक गेले. माझा अंदाज असा की ‘शॉडी’ च्या शेवटी जो ईकार आहे, त्यामुळे ते इंग्रजी कानाला विशेषणासारखे वाटले आणि भाषेत मिसळून गेले. ‘सुरत’ मात्र परक्या गावाचे नावच राहिले.

पण गावाचे नाव म्हणून शब्द मरतोच असे नाही. नाशिकजवळचे देवळाली पाहा. तिथल्या लष्करी छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत थांबत. बोटी हिवाळ्यातच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने काम नसताना, उन्हात बसून राहावे लागे. डोके फिरलेल्या माणसाला ‘देवळालीचा ताप चढला’ असे ते म्हणत. त्यांच्या तोंडी ते झाले ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला तापच. टॅप गळून पडला, ‘डूलॅली’ राहिले. आज लंडनमधली म्हातारी आपल्या विसराळू नवऱ्याला ‘डूलॅली’ म्हणते, तेव्हा तिला देवळाली कुठे आहे हे ठाऊक नसते. हा शब्द शिपायांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी घरी नेला, दोन महायुद्धांत तो आणखी पसरला. ‘सुरत’ ला चारच वर्षे मिळाली आणि तीही एका परगण्यात.

कापसाच्या व्यापारात मात्र आपला एक शब्द इंग्रजीने अजून सोडलेला नाही. बाजारभावाच्या इंग्रजी पानावर रुईचा भाव ‘कँडी’ च्या हिशेबाने दिलेला असतो. नवख्याला वाटते गोळ्या-चॉकलेटचा काही संबंध असावा. ती आपली खंडी. ७८४ पौंडांची, म्हणजे साधारण ३५६ किलोंची. मुळात संस्कृत ‘खंड्’, तुकडे करणे. आणि चघळायच्या कँडीचेही मूळ अरबी-फारसीमार्गे ‘खंड’ म्हणजे खांडसाखर हेच आहे. तेव्हा गोळीवाला आणि अडत्या दोघेही न कळत एकाच धातूची रूपे चालवत आहेत.

सुरतेविषयी एक गोष्ट राहिली. व्यापारी लागवडीसाठी वापरात आलेला जगातला पहिला संकरित कापूस १९७० साली निघाला. डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेला हा ‘संकर-४’ म्हणजे एच-४. तंतू लांब, उत्पन्न भरघोस. लवकरच तो महाराष्ट्रातही आला. ज्या संशोधन केंद्रात तो जन्मला ते सुरतेला आहे. लँकेशायरचा तो मागच्या बाकावरचा कामगार पुन्हा प्रार्थनेला बसला असता, तर या वेळी त्याने ‘सुरत नको’ म्हटले नसते.

माझ्या लहानपणी घरच्या कापसाला एच-४ चे कौतुक फार. सीतादही करून वेचणी सुरू झाली की गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तंतूची लांबी असे. पण खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर एका जागी मूठ खुपसून कापूस काढी, दोन बोटांत ओढून पाही आणि शब्द टाकी. एकदा वडिलांच्या आख्ख्या गाडीला त्याने ‘कवडी’ म्हटले. कीड लागून अर्धवट उकललेल्या बोंडाचा पिवळा कापूस तो कवडी. गाडीत ती थोडी होती, वरच्या थरात, शेवटच्या वेच्याची. आईने खालचा सगळा कापूस वेगळा निवडून भरला होता. वडिलांनी खालचा थर काढून दाखवायची तयारी केली, तेवढ्यात मागची गाडी पुढे आली. पुढच्या वर्षी आईने निवडायचे काम सोडून दिले.

पुसदच्या गुरुजींना हे सगळे लिहून पाठवले, त्याचे उत्तर आले आहे. मुलांनी फणी घेऊन तंतू मोजले. संकरित कापूस २८ मिलिमीटर भरला. एका मुलीने आजोबांच्या धुऱ्यावरचा देशी कापूस आणला, तो १९ भरला. मग इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी मुलांना घरच्या कापसावर पाच वाक्ये लिहायला दिली. ‘कवडी’ ला इंग्रजीत काय म्हणावे यावर वर्ग अडला. गुरुजींनी फळ्यावर पर्याय मागितले. ‘डागी’, ‘खराब’ यांचे इंग्रजी शब्द आले. एका मुलाने लिहिले, ‘सुरत’. गुरुजींनी विचारले आहे की त्याला गुण द्यावेत की नाही. मी अर्धा गुण द्या असे कळवले आहे.